स्प्रिंकलरचा पाइप टांगताना: हँगरपासून स्लॅबपर्यंत भाराचा हिशेब

स्प्रिंकलर यंत्रणेचं हायड्रॉलिक गणित दोन-तीन हातांखालून जातं. कुठल्या स्प्रिंकलरला किती दाब मिळणार, पंप किती क्षमतेचा हवा, सगळं कागदावर असतं. तो पाइप वर कशाला टांगायचा हा प्रश्न मात्र बऱ्याच साइटवर फिटर आणि त्याच्या हातातलं ड्रिल मशीन मिळून सोडवतात. फिटर जाणता असला तर निभावतं. पण हँगर (पाइप टांगून धरणारा रॉड आणि पट्टी) मजबूत आहे का आणि तो ज्याला अडकवलाय ते मजबूत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला वालीच नसतो. पाइपवाला म्हणतो, स्ट्रक्चर माझं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणतो, पाइपचा भार मला कुणी कळवलाच नाही.

खालचे आकडे एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकातले आहेत. जगभर बऱ्याच प्रकल्पांवर तेच धरतात. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीपासून हँगरचा भाग १७ व्या आणि भूकंपाचा १८ व्या प्रकरणात आहे. युरोपातल्या ईएन १२८४५ चे आकडे वेगळे आहेत. तुमच्या प्रकल्पाला जे मानक लागू असेल त्याचेच आकडे घ्या, दोन्हींची सरमिसळ करू नका. हिशेबाची पद्धत बहुतेक तीच राहते.

आधी वजन काढा, आणि तेही पाण्यासकट

४ इंची (१०० मिमी) शेड्यूल ४० या प्रमाणित जाडीचा रिकामा पाइप मीटरला साधारण १६ किलो भरतो. पाणी भरलं की तोच २४.४ किलो होतो. ६ इंची पाइप भरल्यावर मीटरला ४७ किलोच्या घरात जातो, २ इंची ७.६ आणि १ इंची ३ किलोच्या आसपास. ड्राय सिस्टीममध्ये एरवी पाइपात हवाच असते, म्हणून हलकं वजन धरायचा मोह होतो. तसं करू नका. आगीच्या वेळी त्यात पाणीच येणार आहे, आणि हायड्रोटेस्टला, म्हणजे पाणी भरून केलेल्या दाबाच्या चाचणीला, तर त्याआधीच येतं.

आता नियम. पाइपच्या टांगणीच्या प्रत्येक बिंदूवर

- हँगरने पाण्याने भरलेल्या पाइपच्या वजनाच्या पाचपट अधिक ११४ किलो इतका भार पेलला पाहिजे;
- इमारतीच्या स्ट्रक्चरने त्याच वजनाच्या एकपट अधिक ११४ किलो इतका भार त्या बिंदूवर पेलला पाहिजे.

दोन ओळींमधला फरक नीट पाहा. पाचपट फक्त हँगरला लागू आहे. बीम किंवा स्लॅबच्या डिझाइनमध्ये सुरक्षिततेची वाढ आधीच धरलेली असते, म्हणून तिथे पुन्हा पाचने गुणायचं नसतं. हँगर हा एक रॉड, एक नट आणि एक पट्टी एवढाच ऐवज. त्याला दणका बसतो, त्याचा नट कधी अर्धवट आवळलेला असतो, म्हणून त्याची राखीव ताकद मोठी ठेवली आहे. ११४ किलो, म्हणजे २५० पौंड, हा आकडा लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी: उद्या देखभालीचा माणूस हत्यारांसकट त्या पाइपला लोंबकळला तर?

उदाहरण घेऊ: ४ इंची मेन (मुख्य पाइप), हँगरमधलं अंतर ४.६ मीटर. भरलेल्या पाइपचं वजन ४.६ × २४.४ म्हणजे ११२ किलो. स्ट्रक्चरवरचा भार ११२ + ११४ = २२६ किलो. हँगरची लागणारी ताकद ५ × ११२ + ११४ = ६७४ किलो. तोच पाइप ६ इंची केला की स्ट्रक्चरवर ३३१ आणि हँगरवर जवळपास १,२०० किलो येतात. स्ट्रक्चरल इंजिनीअरला पाठवायचा आकडा २२६ आणि ३३१ हा आहे. "पाइपचं वजन मीटरला चोवीस किलो" एवढंच कळवलं तर तो ते पसरलेला भार म्हणून धरेल आणि टांगणीच्या बिंदूवरचे ११४ किलो त्याच्या हिशेबातून गळतील.

मानकानुसार तपासून लिस्टिंग मिळालेला क्लेव्हिस (यू-आकाराच्या पट्टीचा) किंवा रिंग हँगर घेतलात तर पाचपटीचं गणित दर वेळी मांडावं लागत नाही. वर्कशॉपमध्ये अँगल कापून केलेल्या सपोर्टला मात्र गणित हवं, आणि त्यावर पात्र इंजिनीअरची सही हवी. हँगरचे भाग लोखंड-पोलादाचेच असावेत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, प्लास्टिकचा प्लग त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो. दुसऱ्या धातूचा भाग वापरायचा तर तो आगीच्या चाचणीतून उतरलेला असला पाहिजे.

कशाला टांगायचं: इथे सर्वात जास्त वेळ द्या

पाइप इमारतीच्या सांगाड्याला टांगायचा असतो. फॉल्स सीलिंगची ग्रिड सांगाड्यात येत नाही. जिप्समचा बोर्डही नाही, आणि डक्टचा पत्राही नाही. (सीलिंगमधल्या स्प्रिंकलरपर्यंत जाणाऱ्या लवचिक ड्रॉपचा ब्रॅकेट ग्रिडवर बसतो, तेवढा अपवाद आहे. तोही ग्रिड त्या भारासाठी बनवलेली असेल तरच.) डक्टखालून पाइप न्यायचा असेल तर डक्टच्या सपोर्टवर तो बसवता येतो, पण मग त्या सपोर्टने डक्ट आणि पाइप असे दोन्ही भार पेलले पाहिजेत. डक्टवाल्याने रॉड लावताना फक्त डक्टचं वजन धरलेलं असतं, हे गृहीत धरूनच चाला.

काँक्रीटच्या स्लॅबपासून सुरुवात करू. खालून उभं भोक पाडून बसवलेला अँकर फास्टनर हा सगळ्यांचा आवडता मार्ग. ४ इंच आणि त्याहून मोठ्या पाइपला मात्र एक अट आहे. असे उभे अँकर आणि बीमच्या बाजूला किंवा थेट ट्रस-गर्डरला धरलेले हँगर आलटून पालटून यायला हवेत. जवळ तसा बीम नसेल तर सगळेच अँकर उभे चालतात, पण मग अंतर ४.६ ऐवजी ३ मीटर. ही अट ड्रॉइंगवर फार क्वचित दिसते. वरच्या उदाहरणात अंतर ३ मीटर केलं की प्रत्येक अँकरवर २२६ ऐवजी १८७ किलो येतात. काटकसर म्हणून हँगर कमी करायला बसलेल्या माणसाला हा हिशेब दाखवा.

बीमच्या बाजूला आडवा अँकर बसवताना तो बीमच्या मध्यरेषेच्या वर असावा, किंवा निदान तळाच्या सळ्यांच्या वर तरी. स्लॅबच्या मध्यभागी खालची बाजू ताणाखाली असते, तिथे केसाएवढ्या भेगा असणं स्वाभाविक आहे. म्हणून अँकर भेग पडलेल्या काँक्रीटसाठी मान्यता असलेला घ्या. कॅटलॉगमध्ये बिनभेगांच्या काँक्रीटचा आकडा नेहमी मोठा दिसतो आणि तोच उचलला जातो. भोक पाडल्यावर त्यातली भुकटी ब्लोअरने आणि ब्रशने काढणं हा वेळखाऊ, कंटाळवाणा भाग आहे, म्हणून तोच आधी गाळला जातो. भुकटीत बसलेला अँकर टॉर्क देताना घट्ट वाटतो, पण भार आला की सरकतो.

पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या पोलादी केबलचा) स्लॅब असेल तर स्कॅनिंग केल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका. केबल तुटली तर तिथे पाइपचा प्रश्न संपतो आणि स्लॅबचा सुरू होतो. होलो-कोअर स्लॅबमध्ये पोकळीखालची काँक्रीटची जाडी कमी असते, त्यामुळे तिथे साधा अँकर चालत नाही. उत्पादकाने दिलेल्या जागा आणि त्याच प्रकारचे अँकर वापरा. गनने ठोकायच्या पिनांसाठी मानकात ताकदीचा नमुना-तपास सांगितलाय: २ इंचापर्यंतच्या पाइपला ३४० किलो, अडीच ते साडेतीन इंचांना ४५४, चार आणि पाच इंचांना ५४४ किलो. आणि हा तपास प्रत्यक्ष तिथल्याच काँक्रीटवर व्हावा.

आता पोलादी शेड. बीमच्या फ्लँजला सी-क्लॅम्प लावणं सोपं आहे. लॉकनट विसरू नका. भूकंपप्रवण भागात क्लॅम्प सरकून निसटू नये म्हणून मागून धरणारी पट्टीही लागते. खरी अडचण पर्लिनची, म्हणजे छताचा पत्रा पेलणाऱ्या पातळ पोलादी तुळ्यांची. सी किंवा झेड पर्लिनची खालची वळवलेली कड ही कडकपणासाठी असते, तिला रॉड टांगण्यासाठी नसते. मेनचा भार तिथे दिला तर ती उघडते आणि पर्लिन पिळते.

शेडच्या डिझाइनमध्ये सेवांचा भार 'कोलॅटरल लोड' म्हणून चौरस मीटरमागे धरलेला असतो. पूर्ण छतावर स्प्रिंकलरच्या पाइपचं वजन पसरवलं तर तो आकडा आरामात बसतो, आणि सगळे निश्चिंत होतात. पण मेन हेडर पर्लिनला समांतर आणि नेमका एकाच पर्लिनखालून नेला, तर त्या मेनचा सगळा भार त्या एकाच पर्लिनवर बसतो. हेडर पर्लिनच्या काटकोनात नेला की वाटणी आपोआप होते. समांतरच न्यायचा असेल तर दोन पर्लिनच्या मधून न्या आणि खाली ट्रॅपीझ (दोन आधारांमधला आडवा दांडा) द्या, किंवा राफ्टरपासून वेगळा अँगल काढा. ट्रसला टांगायचं तर सांध्याजवळ, म्हणजे जिथे आतले दांडे खालच्या कॉर्डला (ट्रसच्या तळाच्या आडव्या दांड्याला) मिळतात तिथे. दोन सांध्यांच्या मध्ये टांगलं तर ताण घ्यायला बनवलेल्या कॉर्डला वाकावंही लागतं.

पत्र्याच्या मेटल डेकला थेट टांगायला परवानगी फक्त १ इंच किंवा त्याहून लहान ब्रँच पाइपची (मेनमधून फुटणाऱ्या फाट्याची) आहे. तीही डेकच्या उभ्या भागात आरपार बोल्टने, आणि भोकाच्या खाली किमान १० मिमी पत्रा शिल्लक ठेवून.

ट्रॅपीझचं गणित

दोन आधारांच्या मध्ये आडवा पाइप किंवा अँगल टाकून त्यावर मेन टांगायची वेळ कधी ना कधी येतेच. इथे अंदाज चालत नाही, पण गणित चार ओळींचं आहे. भार मध्यभागी आहे असं धरायचं: ४.६ मीटर भरलेला पाइप अधिक ११४ किलो. पोलादातला वाकण्याचा ताण १०३ न्यूटन प्रति चौ. मिमीच्या आत ठेवायचा.

४ इंची मेन, ट्रॅपीझचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) १.८ मीटर घेऊ. भार २२६ किलो, म्हणजे २,२१७ न्यूटन. वाकवणारा मोमेंट = भार × गाळा ÷ ४ = ९९८ न्यूटन-मीटर. त्याला १०३ ने भागलं की लागणारा सेक्शन मोड्युलस, म्हणजे छेदाची वाकण्याला टिकण्याची क्षमता, ९.७ घन सेंमी. साइटवर पडलेला २ इंची शेड्यूल ४० पाइप हाताशी असतो, पण त्याचा मोड्युलस ९.२ आहे. थोडक्यात नापास. अडीच इंचीचा १७.४ आहे, तो घ्या.

पाइप मध्यभागी नसेल तर? एका आधारापासूनचं अंतर अ आणि दुसऱ्यापासूनचं ब धरा. हिशेबाचा गाळा = ४ × अ × ब ÷ (अ + ब). आपल्या उदाहरणात पाइप एका आधारापासून ०.४५ मीटरवर सरकवला तर हिशेबाचा गाळा १.३५ मीटर निघतो, मोड्युलस ७.३ पुरतो आणि तोच २ इंची पाइप पास होतो. मात्र जवळच्या आधारावर भाराचा तीन चतुर्थांश भाग, म्हणजे १७० किलो येतात. ट्रॅपीझ वाचला म्हणून टोकाचा अँकर वाचला असं होत नाही. दोन्ही टोकं वेगळी तपासा.

अंतर आणि रॉड

पोलादी पाइप १ आणि सव्वा इंची असेल तर हँगरमधलं अंतर जास्तीत जास्त ३.७ मीटर, दीड ते ८ इंचांपर्यंत ४.६ मीटर. थ्रेड केलेला हलक्या जाडीचा पाइप ३ इंचांपर्यंत ३.७ मीटरच. सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप) लवकर झोळ धरतो, त्यामुळे पाऊण इंचीला १.७ मीटर, १ इंचीला १.८ आणि ३ इंचीलासुद्धा फक्त ३ मीटर. रॉड ४ इंचांपर्यंत १० मिमी, पुढे ८ इंचांपर्यंत १२ मिमी, १० आणि १२ इंचांना १६ मिमी. ब्रँच लाइनच्या प्रत्येक पोलादी तुकड्याला निदान एक हँगर हवा. क्रॉस मेनलगतच्या (ब्रँचना पाणी देणाऱ्या मेनलगतच्या) १.८ मीटरपेक्षा कमी लांबीच्या पहिल्या तुकड्याला सहसा यातून सूट असते.

अपराइट (पाइपच्या वर उभ्या) स्प्रिंकलरच्या मध्यापासून हँगर ७६ मिमीच्या आत आणू नका. रॉड फवाऱ्याच्या आड येतो.

टोकं आणि आर्मओव्हर: पाइप वरही उडतो

स्प्रिंकलर फुटल्यावर पाणी खाली फेकलं जातं आणि पाइपला वरचा धक्का बसतो. टांगलेला पाइप खाली येऊ नये याची काळजी सगळे घेतात, वर उडण्याची फार थोडे. सीलिंगच्या वरून जाणाऱ्या ब्रँचचा शेवटचा तुकडा असा उचलला गेला तर पेंडंट (खाली लोंबणारा) स्प्रिंकलर सीलिंगच्या आत ओढला जातो, आणि फवारा खोलीत पडण्याऐवजी बोर्डाच्या वर अडकतो.

म्हणून शेवटच्या हँगरच्या पुढे निघालेल्या पाइपला मर्यादा आहे: १ इंचीला ९१४ मिमी, सव्वा इंचीला १,२१९, दीड आणि वरच्यांना १,५२४ मिमी. पण दाब ६.९ बारच्या वर असेल आणि सीलिंगखालच्या पेंडंटना पाणी द्यायचं असेल, तर पोलादी पाइपला हीच मर्यादा ३०५ मिमी होते आणि तांब्याच्या पाइपला १५० मिमी. शिवाय शेवटचा हँगर वरची हालचाल रोखणारा हवा. क्लेव्हिस हँगर असेल तर रॉड इतका खाली आणायचा की त्याच्या टोकात आणि पाइपच्या पाठीत १.६ मिमीपेक्षा जास्त फट राहणार नाही. एका नाण्याएवढी फट, बस. लेव्हल जुळवताना रॉड वर ओढला जातो आणि ही फट बोटभर होते. म्हणून ती मोजायची ते लेव्हल पक्की झाल्यावर, आधी नाही.

आर्मओव्हर, म्हणजे ब्रँचमधून बाजूला काढलेला आडवा हात, विनाआधार ६१० मिमीपर्यंत चालतो, तांब्याचा ३०५ पर्यंत. दाब जास्त आणि खाली पेंडंट असेल तर पुन्हा ३०५ आणि १५०. सीलिंगच्या टाइलच्या मध्यावर स्प्रिंकलर आणायच्या हट्टापायी आर्मओव्हर लांबतात. आर्किटेक्टचं समाधान होतं, हँगर मात्र वाढवले जात नाहीत.

रायझर

उभ्या पाइपला रायझर क्लॅम्पने धरा, किंवा रायझरच्या मध्यापासून ६१० मिमीच्या आत आडव्या जोडणीवर हँगर द्या. भिंतीत आडव्या घुसवलेल्या हँगर रॉडवर क्लॅम्प बसवून त्यावर रायझर तोलणं मान्य नाही, कारण रॉड वाकण्यासाठी बनवलेला नसतो. बहुमजली इमारतीत सगळ्यात खाली, वर एकाआड एक मजल्यावर, ऑफसेटच्या वर-खाली आणि सर्वात वर आधार द्यायचा. दोन आधारांत ७.६ मीटरपेक्षा जास्त अंतर नको.

भूकंपप्रवण भागात

हँगर फक्त खालचा भार घेतो. आडव्या हालचालीला वेगळे स्वे ब्रेस (पाइप हलू न देणारे टेकू) लागतात: मेनवर पाइपला आडवे ब्रेस १२.२ मीटरच्या आत, पाइपच्या दिशेतले २४.४ मीटरच्या आत, पाइपच्या टोकापासून १.८ मीटरच्या आत शेवटचा आडवा ब्रेस, आणि रायझरच्या माथ्यावर चारही दिशांना धरणारा ब्रेस. हिशेबात भरलेल्या पाइपच्या वजनाला १.१५ ने गुणायचं असतं, ही वाढ फिटिंग आणि व्हॉल्व्हसाठी. ब्रेसच्या पायाशी अँकरवर खेच आणि कातर दोन्ही येतात, म्हणून हँगरसाठी निवडलेला अँकर तसाच इथे लावू नका. गनने ठोकलेल्या पिनाही ब्रेसला नकोत. भिंतीतून जाणाऱ्या पाइपभोवती मोकळी जागा ठेवा: १ ते साडेतीन इंचांच्या पाइपला भोक पाइपपेक्षा ५० मिमी मोठं, ४ इंच आणि पुढे १०० मिमी मोठं.

पाणी भरण्याआधी आणि नंतर

हायड्रोटेस्टला साधारण १३.८ बार दाब दोन तास धरतात. त्याआधी संपूर्ण लाइनीखालून एकदा चालत जा, खिशात टेप घेऊन. लॉकनट हाताने फिरतोय का, रॉड तिरपा गेलाय का, ट्रॅपीझचे वॉशर आहेत का, क्लॅम्प फ्लँजवर पूर्ण बसलाय का. पाणी भरल्यावर पुन्हा चाला, कारण पाइप आता कुठे खऱ्या वजनाला आलाय. एखादा हँगर हाताने सहज हलत असेल, तर तो भार घेत नाहीये आणि त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या दोघांवर गेलाय. ड्राय सिस्टीममध्ये पाणी निथळायला मेनला मीटरमागे २ मिमी आणि ब्रँचला ४ मिमी उतार लागतो. तो उतारही याच फेरीत तपासा.

पुढे वर्षातून एकदा जमिनीवरून पाहणी होते. तिथे हँगरबरोबर आणखी एक गोष्ट शोधा: पाइपला टांगलेल्या परक्या वस्तू. केबलचे झुपके, पाट्या, सीलिंगच्या तारा, एखादा दिवा. स्प्रिंकलरच्या पाइपवर स्वतःच्या यंत्रणेखेरीज कशाचाच भार चालत नाही, आणि ती तार बांधणारा माणूस तोवर साइट सोडून गेलेला असतो. हस्तांतराच्या ड्रॉइंगवर प्रत्येक ट्रॅपीझ आणि ३ इंचांवरच्या प्रत्येक हँगरशेजारी स्ट्रक्चरवरचा भार किलोत लिहून ठेवा. उद्या त्याच बीमखाली कुणी एसीचं युनिट टांगायला आलं, तर त्याला आधीचे २२६ किलो ड्रॉइंगवरच दिसतील.